वरच्या मजल्याचं भाडं

२ मार्च
आज किल्ली हातात आली. दोन मजली घर, पुढे अरुंद गल्ली. खाली मी राहणार, वरच्या मजल्याच्या भाड्यात कर्ज फिटणार, आणि पंचेचाळिशीत मी नोकरी सोडणार. आई फोनवर म्हणाली, लोकांच्या मुली तिशीच्या आत लग्नाचं बघतात, आमची म्हातारपणाचं बघते. मी म्हटलं, दोन्हींत भरवशाचं काय ते तूच सांग. ती हसली.

घर स्वस्त मिळालं ते एका अटीमुळे. जुने मालक हयात असेपर्यंत वर भाडेकरू म्हणून राहतील आणि भाडं दर पाच तारखेला माझ्याच हातात देतील, बँकेतून नाही. तोवर मला घर विकता येणार नाही. दलाल म्हणाला, पिकलं पान आहे, कितीसं टिकणार. ते बोलणं मला आवडलं नाही. सही मात्र केली.

५ मार्च
जुन्या मालकांना, वरच्या आजोबांना, जिना उतरवत नाही, म्हणून मीच वर गेले. खोली नीटनेटकी, पलंग खिडकीशी. त्यांनी पाकीट माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात दाबून धरला. हात गार होता. म्हणाले, बाळ, आता मी निर्धास्त झालो.

६ एप्रिल
कालपासून गुडघे दुखताहेत. कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासते. आज मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळल्या. उपकरण बिघडलं समजून बदलून घेतलं. दुसऱ्यावरही तेच. मग दिवा बदलला. डोळे तपासायचं सगळ्यांत शेवटी सुचलं. चष्मेवाला म्हणाला, चाळिशी लागली, ताई, चालायचंच.

काल भाडं द्यायला आजोबा स्वतः खाली आले होते. काठीशिवाय.

६ मे
अर्धे केस पांढरे. डॉक्टरांना रक्तात काही सापडलं नाही. काल पाकीट देताना त्यांचा हात उबदार होता, माझा गार. मला मावशी म्हणाले. मी आजोबा म्हणायला गेले आणि तोंडातून दादा आलं.

पुढचं भाडं घेणार नाही.

५ जून
आतून कडी लावून बसले. भाडं नको, असं आतूनच सांगितलं. तो म्हणाला, असं कसं, व्यवहार म्हणजे व्यवहार. खिडकीच्या गजांतून हात आत आला. आधी मनगट धरलं. पाकीट नंतर दिलं.

८ जून
कारखान्याच्या फाटकावर अडवलं. ओळखपत्र पाहून रखवालदाराने विचारलं, नातीला भेटायचंय का. दलालाकडे गेले. माझं घर विक, म्हटलं. त्याने मला ओळखलं नाही. समजावत राहिला की भाडेकरू हयात असताना विकता येत नाही, आणि तो तर तरणाबांड आहे.

६ जुलै
काल भाडं दिल्यावर त्याने मला उचलून वर आणलं. खाली ओल आहे, म्हणे, म्हाताऱ्या हाडांना बरी नाही. फोन खाली राहिला, कमरेला खोचलेली ही वही तेवढी सोबत आली. जिना उतरायला गेले — दुसऱ्याच पायरीवर बसले. पुन्हा त्यानेच उचललं.

ओरडते. गल्लीतले लोक वर बघतात, हात जोडतात, पुढे जातात.

११ जुलै
आई आली. खाली तिचा आवाज — मग जिन्यावर — मग दारात.

मी हाक मारली. घोगरं काहीतरी निघालं. ती जवळ बसली, मला पाणी पाजलं. विचारलं, आजी, खाली माझी मुलगी राहायची, कुठे गेली हो ती. मी म्हटलं, आई. पुन्हा म्हटलं. तिने माझा हात थोपटला. म्हणाली, या वयात सगळ्यांना आईच आठवते.

तो दारात उभा होता. म्हणाला, न सांगताच गेली, ताई.

ती खाली गेली. चपला घालतेय. ही वहीच गजांतून टाकते — तिच्या पायाशी पडेल —

आई, पहिली पानं बघ. ते अक्षर तू ओळखतेस. मला शोधायला पोलिसांकडे नको जाऊस, वर ये, एकटी नको, कुणाला तरी घेऊन — जिन्यावर तो — आज पाच तारीख नाही, तरी — आई, मी तुझी