फुटक्या घागरीतलं लिंबाचं रोप

आई, आज सांगलीत सुनेने गच्चीवरच्या कोवळ्या रोपांना मूठमूठ खत घातलं आणि मी तिच्या अंगावर ओरडले. ती बिचारी खताची पिशवी उचलून खाली गेली. मला मात्र वडूजचं आपलं परसदार आठवत राहिलं.

दादा लढाईवर निघाला त्या सकाळी त्याने विहिरीवरच्या लिंबाखालचं एक इवलं रोप फुटक्या घागरीत लावलं आणि तुला म्हणाला, "ह्येला जप, म्हंजी मला जपल्यावानी हाय." त्याने गमतीत म्हटलं असेल, तू ते धरून बसलीस. उठल्या उठल्या, चूळही न भरता, आधी पानं बघायचीस. माती दोन पेरं कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी, तेही ऊन चढायच्या आत. शेळीच्या लेंड्या आठ दिवस भिजवून, फडक्यातून गाळून, कोऱ्या चहाइतकं पातळ पाणी पंधरवड्यातून एकदा. दादाची पत्रं येत होती तोवर मला याचं कौतुक वाटायचं. मग पत्रं थांबली. तू पानं मोजायला लागलीस आणि मला त्या घागरीची भीती वाटायला लागली.

मावशीच्या बाळंतपणाला उंब्रजला जाताना तू बजावलंस, "पानी बेतानं घाल. लेंड्यांना हात लावू नगं." तिसऱ्या दिवशी एक पान पिवळं पडलं. मी घाबरून ताज्या लेंड्या बुडाशी दाबल्या, वर दिवसातून चारदा पाणी. पानांचे काठ करपत गेले. सहावा दिवस. घागरीत नुसती काडी उरली आहे, मी तिच्यापुढे बसून आहे आणि उद्या तू येणार आहेस. मी विहिरीवर गेले, त्याच लिंबाखालचं तेवढंच रोप खणून आणलं आणि घागरीत लावलं. काडी उकिरड्यात पुरली. तू आलीस, पानांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "माजा ल्योक बरा हाय."

दोन महिन्यांनी तार आली. तू ती वाचून झाल्यावर चुलीत घातलीस. सुतक धरायला हवं म्हणून आबा समजावत होते, त्यांना म्हणालीस, "आवं, झाड हिरवं हाय न्हवं? मग त्यो हाय." पुढे ते परसात लावलं, लिंबं धरली. तो येऊन तोडील म्हणून तू कुणाला एक तोडू दिलं नाहीस. तू गेलीस त्या दिवशीही परसात सडलेल्या लिंबांचा वास होता.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. तुझं मन राखायला मी रोप बदललं, असं नवऱ्याला सांगितलं, स्वतःलाही सांगत आले. ते खरं नाही. मला तुझ्या हातचा मार चुकवायचा होता, एवढंच.