पत्रकातून गाळलेली ओळ

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण गेल्या आठवड्यापासून तुमची लॅब डोळ्यांसमोरून हलत नाही. मी कॉलेजात होते आणि कॅनडात एडमंटनच्या बर्फातून तुम्ही मला एका शनिवारी तिथे नेलं होतंत. एचआयव्हीच्या तपासणीसाठी आलेल्या आफ्रिकी पेशंटांच्या रक्ताच्या नळ्या रॅकमध्ये उभ्या आहेत, आणि तुम्ही म्हणता, "एचआयव्ही नाही म्हटलं की माणूस सुटल्यासारखा घरी जातो. हर्पीसचं कोणी विचारतच नाही." पुढे माझा पहिला लेख छापून आला तेव्हा पोहे तसेच ठेवून तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "वाक्यं आटोपशीर आहेत. खरं किती उरलंय?" मी दोन दिवस बोलले नव्हते.

गेल्या वर्षी एका क्लिनिकने अशाच पेशंटांसाठी माझ्याकडून हर्पीसचं, म्हणजे जननेंद्रियावर फोड आणणाऱ्या विषाणूचं, माहितीपत्रक लिहून घेतलं. डॉक्टरांच्या मसुद्यात एक ओळ होती: हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे फोड आज आले म्हणजे लागण आत्ताच झाली असं नाही. ती मी गाळली. शरीरसंबंधातून पसरतो, ही ओळ ठेवली. शुक्रवारी छपाईला द्यायचं होतं, डॉक्टरांनीही घाईत सही केली.

युगांडाहून आलेल्या एका बाईला एचआयव्ही नव्हता, हर्पीस निघाला. नवऱ्याने पत्रक वाचलं, तिच्यावर संशय घेतला आणि तिला तिच्या बहिणीकडे धाडलं. मुलगी स्वतःकडे ठेवली. नर्सकडून हे कळल्यावर मी ओळ परत घातली, नवी छपाई झाली. नर्सने ते पत्रक त्याला दिलं. त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. "हे तिच्या सांगण्यावरून घातलंत," म्हणाला.

मग ती स्वतः मला भेटायला आली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मग त्याला सांग, मला हे कधीपासून आहे ते."

"ते कुठल्याच तपासणीत कळत नाही."

"त्याला बरं कळतं," ती म्हणाली. तुमच्याकडे यावर उत्तर असतं का, मला ठाऊक नाही. मुलगी फोनवर येत नाही, असं ती सांगत राहिली आणि मी तिला कॉफी आणून दिली. जाताना तिने विचारलं, ती ओळ आधी का नव्हती?

"जागा नव्हती," मी म्हणाले.

जागा होती, बाबा. ती ओळ मला नीट समजली नव्हती आणि मी कोणाला विचारलं नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही.