राखेवर सडा

८ जानेवारी

पोचलो एकदाचे! बांद्याहून टेम्पो निघाला तेव्हा आई डोळे पुसत होती आणि मी मेली पुढे बसून खाजं खात होते. प्रितेशला इथल्या कोळशावरच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली आणि राहायला समुद्राजवळच्या कॉलनीत छोटंसं घर मिळालं. वर वीज फुकट! मी लगेच एसी, गिझर, सगळं चालू करून पाहिलं. आमची चार वर्षांची रिया गरम पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

घरं थोडीच, त्यातली बरीचशी कुलपात. समोरच्या खिडकीत मात्र एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, एक हात अर्धवट वर. मी आपली जोरजोरात हात हलवतेय आणि बाई ढिम्म. शिष्ट मेली! येईल साखर मागायला, तेव्हा बघते.

९ जानेवारी

सकाळी उठून बघते तर अंगणभर पिठासारखी करडी राख. तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, रियाच्या सायकलवर. प्रितेश म्हणाला, एवढा कोळसा जाळतात, राख होणारच, घरी चुलीची राख कधी पाहिली नाहीस का? तेही खरंच. मी शेण कालवून चांगला जाड सडा घातला. सड्याशिवाय अंगण म्हणजे मिठाशिवाय आमटी. राख लगेच दबली. मग घरातली फरशीही ओल्या फडक्यानं लख्ख पुसली.

मासे विकणारी यमुनाबाई आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकीना. पाटीत फक्त सुके बांगडे. प्रकल्पाचं कढत पाणी खाडीत सोडतात, तेव्हापासून मासा पळाला, म्हणाली. जाताना सड्याकडे बघून सांगून गेली, पाणी मारू नको गो बाये, राख सुकीच झाड, ओली झाली की घट्ट धरता ती. मी मान डोलावली. आता ही मला सडा घालायला शिकवणार!

१५ जानेवारी

रियाला खोकला लागलाय. अडुळसा दिला, गुण नाही. मागच्या आंब्याला मोहर आलाय, पण तोही करडा. एक माशी फिरकत नाही त्याच्यावर.

रोज राखेवर सडा, सड्यावर राख. अंगण सिमेंटचं केल्यासारखं गुळगुळीत झालंय, आणि चढत चढत उंबऱ्याला टेकलंय. घरात दारही फरशीला घासतं. प्रितेशला रंधा मारायला सांगितलं, तर म्हणे रविवारी.

समोरची बाई अजून खिडकीतच. हात तसाच.

१९ जानेवारी

प्रितेशकडे रियाला ठेवून आज मुद्दाम त्या बाईकडे गेले. गजांतून अहो, अहो म्हटलं. मग हात घालून तिच्या गालाला बोट लावलं.

दगड. करडा, गार. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत ओघळ आलेले, तेही दगडाचे. मुलाच्या ओठांशीही तसेच. आणि त्या मुलाच्या पायात चांदीचे वाळे, खरे.

धावत घरी आले. प्रितेश हसला. म्हणे बाहुली असेल, पिंगुळीला करतात तसली. मला नाही हसू आलं. मी म्हटलं, मी रियाला घेऊन आईकडे जाते, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, उद्या सोडतो, आज डबल ड्यूटी आहे.

२० जानेवारी

दार उघडत नाही. मागचंही नाही. खाली राख धरलीय. मला वाटलं गरम पाण्यानं सुटेल, म्हणून गिझरच्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. अगो वेडे! यमुनाबाईनं सांगितलं होतं ना! आता फटसुद्धा उरली नाही.

खिडक्यांना गज. प्रितेशला फोन केला. निघालो म्हणाला. त्यानंतर फोनमध्येही राख गेली.

२१ जानेवारी

प्रितेश आलाय. अंगणात बाईकवर बसलाय. घामाघूम होऊन आला असणार. सकाळपासून तसाच, करडा. हेल्मेट काढलेलं नाही. हाका मारून घसा बसला —

यमुनाबाई फाटकाशी आली. ओरडून सांगत होती, चेडवाक रडाक देव नको गो! पोरीला रडू देऊ नको. मग माणसं आणते म्हणून धावत गेली. अजून आली नाही.

एसी बंद केला तरी त्यातून पीठ गळतंय.

२२ जानेवारी

रडू द्यायचं नाही. रियाचे ओठ कोरड्या फडक्यानं पुसते. आजीकडे चल, म्हणते ती. मी म्हटलं, रडलीस तर नेणार नाही. शहाणी गो माझी. डोळे मोठे करून बसते, पापणी हलवत नाही —

देवा, एवढीला बांद्याला पोचव. मी राहीन इथे.

२३ —

मी झोपले. मीच मेली झोपले. ती झोपेत रडली —

खिडकीशी बसलेय. मांडीवर आहे ती. जड झालीय. खोकत नाही.

मग मीही रडले. रडू नको तर काय करू —

तारीख —

पाय नाहीत. उजवी बोटं हलतात. पेन त्यांतच बसलंय —

टेम्पो आला. कोपऱ्यावरच्या घराशी. नवं बिऱ्हाड. बाईच्या कडेवर मुलगी. नवऱ्यानं प्रितेशला काही विचारलं, थोडा थांबला, खांदे उडवून गेला —

हाक मारायला तोंड उघडत नाही —

डावा हात उचलला. अर्धाच —

ती बघतेय. हसून हात हलवतेय. आता तोंड वाकडं केलं —

बादली घेऊन अंगणात —

शिष्ट नाही गो मी. पाणी मारू न