टिटवीची अंडी

साखर कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीतून,
फाल्गुन

तीर्थरूप आबांच्या पायावर मंजुळाचं डोकं.

आमी नवरा-बायको खुशाल हाव. अक्षर वाकडं दिसंल, ते कोयता बोटाला लागलता म्हणून. आता बरं हाय. आईला सांगू नका.

काल ऊस तोडताना तितराचं घरटं गावलं. तुमी ज्वारी काढताना घरट्याभोवतीची ताटं ठेवायचे, तसा मी भोवतीचा ऊस उभाच ठेवला. मुकादम लई बोलला. बोलू द्या.

आबा, दसऱ्याला गाव सोडायचं अन् पाडव्यानंतर यायचं, त्यामुळं धा वर्सं आपला शिरूरचा माळ मी अर्धाच बघितलाय. वाळल्या गवतात काळवीट अजून झुंजतेत का? थंडीत गवतावरून तरंगणाऱ्या, घारीसारख्या भोवत्या आल्या व्हत्या का? हितं चौफेर ऊस. लांबचं बघायची डोळ्याची सवयच मोडली.

शेळ्यांमागं जाताना एवढं बघा, टिटवीनं औंदा अंडी कुठं घातली. उंच बांधावर असली तर पाऊस चांगला. मग दसऱ्याला कोयता उचलायचं कामच न्हाई. लगेच कळवा.

वढ्याच्या वाळूत असली, तर कळवू नका.

तुमची लेक,
मंजुळा