फुगलेल्या पट्ट्या

३ डिसेंबर

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

नेहमीसारखं मी बोलतेय आणि तुझा काका लिहितोय; राग मात्र माझा आहे. काल तो तुझ्याकडची तारांची पेटी, तो हार्पसिकॉर्ड, सुरात लावून आला. म्हणाला, वाद्य हीटरला खेटून ठेवलंयस, सूर उतरलेत आणि आतलं सगळं खुळखुळतंय. अगं, तुझ्या आजोबांनी ते लाकूड वर्षानुवर्षं मुरवून वाद्य केलं, आणि तू त्याला मोज्यांसारखं वाळवतेस? दमट हवेत लाकूड फुगतं, सूर चढतात. कोरडीत आक्रसतं, उतरतात. अक्षरओळख नसूनही मला कळतं. महिनाअखेरीस गाडी पाठवतेय. वाद्य परत येईल, काकाकडे राहील. रडलीस तरी उपयोग नाही.

रागासकट लोभ आहे, तो तसाच घ्यावा.
तुझी आजी

९ डिसेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या पत्त्यावर टाकतेय. काका वाचून दाखवताना निम्मं गिळतो. हीटरची चूक माझीच. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाद्य आतल्या भिंतीशी सरकवलं, खोलीत पाण्याचं घमेलं ठेवलं, सूर स्थिरावले. पण खुळखुळ हीटरमुळे नाही. पावसाळ्यात तारा छेडणाऱ्या लाकडी पट्ट्या फुगून अडकत होत्या. मी म्हटलं, हवा कोरडी होईपर्यंत थांबू. काकाला कुठला धीर! सगळ्या तासून टाकल्या. आता त्या आक्रसून सैल पडल्यात. महिनाअखेरीसच माझं पहिलं वादन आहे. वाद्य नेलंस तर काय टेबल बडवू?

भांडले तरी तुझीच आहे, दूर करू नये.
टिकली

१५ डिसेंबर

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

मावशींनी पत्र शब्दन् शब्द वाचलं. काकाला विचारलं, तर तो छताकडे बघत हवामानावर बोलू लागला. मी काय ते समजले. माझ्याच तोंडून माझ्या नातीला बोल लावले या लबाडाने! म्हणून हे पत्रही त्यालाच लिहायला बसवलंय. मावशी मागे उभ्या राहून ओळ न् ओळ तपासतायत. ‘लबाड’ त्याने गाळला होता, पुन्हा लिहवून घेतला.

वाद्य तुझ्याकडेच राहील. काका नव्या पट्ट्या करून आणेल, आणि यापुढे दमट हवेत रंध्याला हात लावणार नाही. हीटरचा राग कायम आहे, गैरसमज नको.

दोघांवर माझा डोळाही आहे आणि मायाही, निमूट सोसावी.
तुझी आजी

ता. क. पट्ट्या मीच तासल्या. आईने बसवलं नसतं तरी कधीतरी लिहिलं असतं, बहुतेक. शनिवारी मापं घ्यायला येतो. दार उघडशील ना?
काका