ठेवणीतलं नाव

४ फेब्रुवारी, बुधवार
काल राहुलला मुलगी झाली. आज सकाळी सातला फोन. "ताई, आत्या झालीस की!" मी अभिनंदन म्हणाले. सख्ख्या धाकट्या भावाला कोणी 'अभिनंदन' म्हणतं का? पण तेवढंच सुचलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, भाताचा पार गोळा झाला. मिलिंद होटगीहून ड्यूटी करून आला. रेल्वेत सिग्नलच्या कामाला असलेल्या माणसाला कधी झेंडा दाखवायचा आणि कधी नाही ते कळतं. गोळा गुमान खाल्ला. मग हळूच, "बघायला जायचं ना?"
म्हटलं, जायचं की. ती कुठं पळून चाललीय.

इथे लिहिते, म्हणजे पोटात सडणार नाही. मला आनंद झाला नाही. राहुल-प्रणालीच्या लग्नाला अजून दोन वर्षं पुरी नाहीत. माझ्या लग्नाला बारा झाली.

५ फेब्रु., गुरु.
दवाखान्यात जाऊन आले. पोर सुरेख आहे. नाक आमच्याकडचं. वाईट दिसली असती तर बरं वाटलं असतं का? वाटलं असतं, थोडा वेळ.

आई प्रणालीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. प्रणालीची आई दीड वर्षापूर्वी गेली, म्हणून बाळंतपण दुधनीला माहेरी न होता आमच्या आईकडे. ते ठीकच. पण माझ्या दोन्ही वेळेला आई दवाखान्यात आली ती संध्याकाळपुरती. "राहुलची परीक्षा हाय गं, डबा कोन देनार?" दोन्ही वेळेला रिकाम्या हाताने घरी आले, आणि डोक्याला तेल मिलिंदने लावलं. निम्मं उशीला.

निघताना आई म्हणाली, "नाव आता तूच काढायचं. आत्याचा मान हाय त्यो." प्रणाली हसली. हसताना तिच्या गालाला खळी पडते. तीही आहेच.

९ फेब्रु., सोम.
दुकानात दिवसभर नावंच. अशोक चौकातल्या या दुकानात मशीनवर बारशाच्या दुपट्यांवर नावं भरते त्याला दहा वर्षं झाली. गावात कुठलं नाव चालतंय ते माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. आज अन्वी, आरोही, परत अन्वी, मायरा. प्रत्येक आई सांगते, "एकदम वेगळं नाव काढलंय हो." मी मान हलवते आणि जुनी फाईल उघडते. एकदा भरलेलं नाव कॉम्प्युटरमध्ये तसंच राहतं, तारखेसकट. दुसऱ्यांदा अक्षरं जुळवत बसायला नको. मालकीणबाई म्हणजे अक्का, तेलुगू घरातल्या. त्यांना सगळ्या मुली सारख्याच. "आमच्यात लक्ष्मी म्हणून हाक मारलं की अख्खी गल्ली येते बघ. काय बिघडलं?"

बिघडतं. शाळेत आम्ही चार सुजाता होतो. बुद्धांना खीर देणारी ती सुजाता. आमच्या आधीच्या पिढीने हौसेने घराघरात ठेवली. का ठेवली तेही कळतं. माझ्या आजीचं नाव दगडाबाई होतं. लोकांनी तिला आयुष्यभर दगडी म्हणून हाक मारली. तिच्या नातीचं नाव सुजाता, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. केवढी मोठी उडी ती. पण चौघींत मी 'काळी सुजाता' होते, आणि ती हाक अजून कानात आहे.

तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीचं नाव एकटीचं असेल.

११ फेब्रु., बुध.
ते नाव इथेही आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

उत्पला.

विहारात रविवारी मुलांना शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलेलं. बुद्धांच्या संघात एक थोर भिक्खुणी होती, उत्पलवर्णा. कांती निळ्या कमळासारखी, म्हणून ते नाव. उत्पल म्हणजे निळं कमळ. 'काळी सुजाता' तेव्हा पहिल्या रांगेत बसली होती. निळ्या रंगाचीसुद्धा कोणी एवढी मोठी झाली म्हटल्यावर ते नाव मी तिथेच उचललं.

पहिल्या वेळेला चौथा महिना लागला तेव्हा दुकानात फाईल करून ठेवली. नऊ वर्षं झाली. भरली कधीच नाही. फक्त मिलिंदला माहीत आहे. दहा वर्षांत दुकानात हे नाव घेऊन एकही बाई आली नाही. मला त्याचं सुख होतं. आता डॉक्टरांनी हात टेकलेत, तरी होतं.

१५ फेब्रु., रवि.
आईकडे गेले. प्रणालीच्या पुण्याच्या मैत्रिणीने फोनवर यादी पाठवलीय, कियारा, शनाया, आयरा. मला बरंच वाटलं. ठेवा म्हटलं काय ते, माझी काही हरकत नाही. आई कुरकुरली, "हे काय नाव हाय का बिस्कुट?" राहुल हसून लोळला. त्याच्या हसण्यातही बाप झाल्याचा एक आवाज आलाय.

आईने मला बाजूला घेतलं. "तुज्या मनात हाय एखादं. मला म्हाईत हाय. तू ल्हानपनापासनं नावं गोळा करतीस."
"नाही काही."
"नाव म्हंजे काय ठेवनीतलं लुगडं हाय का, पेटीत घालून ठिवायला? कसर लागती गं."
मी चहाची भांडी घासायला उठले. त्यांच्या घरची.

१९ फेब्रु., गुरु.
आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

दुपारी प्रणालीचा फोन. "ताई, तुमच्या दुकानात उत्पला नावाची दुपटी येतात का हो?"
मशीन चालू होतं. बंद केलं. "का गं?"
"मला लई आवडलंय. मीच शोधलं. पण सगळ्यांचं असलेलं नको, एकदम वेगळं पायजे. तुमाला बरोबर म्हाईत असतंय, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, "येतात की. खूप. गेल्या महिन्यात चार भरली."
"अय्या. व्हय?"
"हो ना. सध्या तेच चाललंय."
"बरं झालं विचारलं. मग आयराच ठेवू."

आयरा म्हणे. आयराची फाईल उघडली की खाली तारखांची रांग लागते. तेही मी तिला सांगू शकले असते.

फोन ठेवून लगेच मशीन चालू केलं, एक टाका चुकला नाही. हेच मला जास्त लागलं. दोन दुपटी भराभर झाली. मिळवलंच की मी. तिला सगळं मिळालं, हे नाही मिळालं. एवढं तरी माझं राहू दे.

२० फेब्रु., शुक्र.
मिलिंदला सांगितलं. तो जेवताना थांबला. "दिलं असतंस तर काय झालं असतं?"
"तुला मूल नको होतं का?"
"हे काय विचारणं झालं?" ताटावरून उठला. माझ्यामुळे बारा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा ताटावरून उठला. मग परत आला, उरलेलं जेवला, आणि एवढंच म्हणाला, "बरं नाही केलंस, सुजाता."
माहीत आहे.

१ मार्च, रवि.
बारसं झालं.

सकाळी वंदना, त्रिशरण, पंचशील. पांढरी साडी नेसले होते. मग बायकांचा पाळणा. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मला वाटलं होतं, मूल नसलेल्या बाईला हात आवरता घेतील. छे. गल्लीतल्या बायकांनी इतक्या वर्षांची कसर काढली. एकीची बांगडी रुतली.

पाळण्यात वाकले. आधी ठरवलं होतं, तीनदा 'आयरा' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कानाला तोंड लावलं. दुधाचा वास. आयरा म्हणवेना. ते दुसरं म्हणावं असं एकदा आलं मनात, तेही म्हणवेना. नुसता श्वास सोडला कानात. तीनदा. पाठीवर धपाटे पडत होते, कोणाला काही कळलं नाही. मग उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, "आयरा!" टाळ्या, पेढे, फोटो.

पोरीच्या कानात आत्याने काहीच सांगितलेलं नाही. जगात असं दुसरं पोर नसेल.

मी भरलेलं दुपटं सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. टाके सुरेख आलेत, असं सगळ्या म्हणाल्या.

९ मार्च, सोम.
जे व्हायचं ते झालं.

मी बँकेत गेले होते. तेवढ्यात प्रणाली पोरीच्या झबल्यावर नाव घालायला दुकानात आली. माझ्याकडेच आली होती, कौतुकाने. अक्कांनी नावांची यादी उघडून दाखवली. तिने सहज विचारलं, उत्पला किती झाली म्हणून. अक्का शोधायला लागल्या. "एकच हाय. नऊ वर्षं जुनी फाईल. भरलेलीच नाही कधी. आमच्या सुजातानं केलेली."

मी परत आले तर प्रणाली गेलेली. झबलं टेबलावर तसंच. अक्का म्हणाल्या, "काय झालं गं, ती पोरगी काय बोललीच नाही."

१० मार्च, मंगळ.
संध्याकाळी प्रणाली घरी आली. पोरीला घेऊन, एकटी. वाटलं आता भांडेल. भांडणाची तयारी केली होती मी, वाक्यंसुद्धा जुळवली होती. तुझ्याकडे सगळं आहे, वगैरे.

ती बसली. पाणी प्यायली. "तुमच्या बाळासाठी होतं ना ते?"
मी तिच्या हातातला पेला घेतला.
"मला सांगायचं होतं की ताई. 'माझं हाय' म्हणायचं. मी मागितलं नसतं. खरंच न्हाई."
"तू का शोधलंस तेच?" हे मी विचारलं. आरोपीने न्यायाधीशाला विचारावं तसं.
"अव्वाचं नाव कमल होतं ना. कमळाचा अर्थ असलेलं पायजे होतं. पद्मा, नलिनी, सगळी बघितली. त्यातलं हेच मनात भरलं."

कमल. लग्नपत्रिकेवर छापलेलं असणार. मी वाचलंही असेन. दुधनीच्या घरात सगळे कानडी-मराठी एकत्र बोलत, आणि प्रणालीच्या आईला जो तो 'अव्वा' म्हणे. त्या गेल्या तेव्हा मी दोन दिवस तिथे राहून भाकरी थापल्या, आणि बाईंचं नाव एकदाही माझ्या मनात आलं नाही. नावांच्या धंद्यातली मी.

रडू आलं. तिच्यासमोर नको होतं, पण आलं. तिलाही आलं. पोर मात्र आरामात झोपलेली.

मग तिने पिशवीतून कागद काढला. जन्मदाखल्यावर नाव घालायचा अर्ज. "ह्यावर अजून कायच घातलं न्हाई. तुमी घाला. आयरा घाला, न्हाईतर ते घाला. मी ह्यांना सांगितलंय, ताई ठरवतील. न्हाई द्यायचं तर न्हाई, माझा राग न्हाई. पण परत खोटं नका सांगू मला. मला आता विचारायला दुसरं कोन हाय?"

जाताना पोरीला माझ्याकडे देऊन चपला घातल्या. तेवढाच वेळ हातात होती. जड झालीय.

११ मार्च, बुध.
अजूनही हेवा वाटतो. रडून जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. तिचा चांगुलपणाही आता डोळ्यांत खुपतो, म्हणजे बघा.

मिलिंदला म्हटलं, तू सांग काय करू. म्हणाला, "नाव तू काढलेलंस. मी नुसतं ऐकलेलं." पण मग बराच वेळ पंख्याकडे बघत पडला होता. त्याचंही काहीतरी जात असणारच. कधी विचारलं नाही मी.

१२ मार्च, गुरु.
अर्जाचे बाकी सगळे रकाने भरले. बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, पत्ता. बाळाचं नाव तेवढं कोरं.

दिलं तर आईकडे रोज ती हाक ऐकू येणार. जेवायला ये, अभ्यासाला बस, कुठं उलथलीस. माझं नाव, आणि हाका दुसरीच मारणार. मला ते सोसेल का, खरंच माहीत नाही. नाही दिलं तर फाईल आहे तशी राहील. कमल नावाच्या बाईचंही त्यात काही राहणार नाही.

दुपारी मिलिंद ड्यूटीवर गेला. दार लोटलं आणि ती हाक मारून पाहिली. इतक्या वर्षांत मोठ्याने कधी मारलीच नव्हती. पहिल्यांदा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा नीट मारली, चांगली खणखणीत, गल्लीतून पोर घरात यावं अशी. "उत्पला! ए उत्पला!"

भिंतीपलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोन आलंय गं सुजाता?"

म्हटलं, "अजून कोणी नाही."