अस्तराची बाजू

मंगळवार

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? अक्षराला हसू नकोस, चौथीपुढे ते शिकलंच नाही.

अगं, मी ती आतड्याची तपासणी करून आले. तीच, जिचं नाव काढल्यावर तू फोन आपटलास. नात हटूनच बसली. आपला दादा आतड्याच्या कॅन्सरने गेला. त्याला दुखायला लागलं तेव्हा सगळं हातचं गेलेलं. नात म्हणते, काही होत नसतं तेव्हाच बघायचं असतं.

आदल्या दिवशी जुलाबाचं औषध. मी आणि संडास, तिसरं कोणी नाही. दवाखान्यात मागून बारीक नळी घालून पोटात हवा भरली. लाज वाटली, कळही आली. तिथली बाई म्हणे, हवा धरून ठेवा आजी. म्हटलं, जन्मभर चारचौघांत तेच केलंय. मग स्कॅनच्या मोठ्या कड्यातून एकदा उताणी, एकदा पालथी सरकवली, की झालं.

नंतर डॉक्टरांनी त्या स्कॅनवरून तयार झालेलं आतड्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. अक्का, मी माझ्याच आत चालत होते गं. गुलाबी बोगदा, आणि त्याला चुण्या, आपण झालरीला घालायचो तशा. कात्री नाही, टाका उसवला नाही, आणि अख्खं अस्तर समोर. म्हटलं, डॉक्टर, परत एकदा दाखवा.

एका चुणीआड मटाराएवढी गाठ आहे. राहू दिली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून पुढच्या बुधवारी लांब नळी घालून काढणार. भीती वाटते.

आपल्या शिवणाच्या दुकानात उलटा करून बघितल्याशिवाय एक कपडा तू गिऱ्हाइकाला देऊ द्यायची नाहीस. मग स्वतःचं का नाही बघत?

लोभ आहेच, तो रागातही असू दे.
तुझी धाकटी

शुक्रवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे. फोन आपटला नव्हता, हातातून पडला. बरं, आपटला. दादाच्या उशाशी मी होते. मला नळीची भीती नाही, आत काय निघेल त्याची आहे.

पण त्या चुण्या काही डोक्यातून जाईनात. लोकांचे कपडे उलटून बघण्यात जन्म गेला, स्वतःला मात्र सुलट बाजूनेच मिरवलं.

मंगळवारी येते. तुझी गाठ काढतील तोवर दाराशी बसेन. नातीला म्हणावं, माझीही तारीख घे. आणि पडदा मला नीट दिसेल असा लावायचा. चुण्या कोणाच्या सरळ, ते मी ठरवणार.

माझी माया धरून ठेव, हवेसारखी सोडू नकोस.
तुझी अक्का